पापाला थारा

८ नोव्हेंबर १९३६, रविवार. तामसी

गुडघ्यानं आज जीव नकोसा केला. तरी रविवारची धर्मशिक्षणाची शब्बाथ शाळा घेतलीच, न घेऊन सांगते कोणाला. पैनगंगेपलीकडं वणीला आयुष्यभर हेच केलं, पण तिथली पोरं निदान गप बसायची. निजामाच्या मुलखात येऊन पाच महिने झाले आणि तामसीच्या या पोरट्यांनी माझ्या नाकी नऊ आणले. आदिलाबादचे पाळकसाहेब केशवराव म्हणाले होते, "कौशल्याबाई, लहानसं बोर्डिंग आहे, उतारवयात आरामाचं काम." आराम म्हणे.

आज चिंतामणीनं विचारलं, "बाई, देव सारीकडं रायते तर विहिरीत बी रायते का?" मी हो म्हटलं. "मंग आमी पाणी काढतो तवा त्याले बादली नाही लागत?" नऊ वर्षांचं कार्टं. बाकीची पोरं खो खो हसली. मी म्हटलं, देवाला शरीर नसतं. तर म्हणतो, "मंग डोळे कशात बसवले?" मी घंटा वाजवून शाळा सोडली. घंटेएवढं चांगलं उत्तर दुसरं नाही.

काम सोडून जायची माझी रुखसतीची दरखास्त केशवरावांकडे पडून आहे. नाताळाच्या आधी पोरांची परीक्षा घ्यायला येईन, तेव्हा सांगतो म्हणाले. पोरांनी धर्माची प्रश्नोत्तरी नीट म्हटली की मानानं जाता येईल. वणीला भावाच्या ओट्यावर उन्हात पाय पसरून बसायचं आणि कोणी काही म्हणून विचारायचं नाही. देवा, एवढंच दे.

१२ नोव्हेंबर

केशवराव दमणीतून एक तेलंगी माणूस आणि त्याची पोरगी घेऊन आले. मल्लय्या त्याचं नाव. आदिलाबादला कापसाच्या जिनिंगात कामाला होता. बायको बाळंतपणात गेली, बाळही गेलं. आता बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत काम लागतंय, तिथं राहायला खोली मिळेपर्यंत लेकराला कुठं ठेवणार? म्हणून इथं. नाताळाच्या सुमारास येऊन घेऊन जाईन, असं मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला. पोरगी सहा वर्षांची, हजेरीत नाव राजव्वा.

निघताना बाप फार रडला. मला तेलुगू ओ की ठो येत नाही. नुसतं "पापा, पापा" एवढंच कानावर पडत होतं. आपली पापं आठवली असतील बिचाऱ्याला. दुःखात माणूस देवाकडं वळतो, ते खोटं नाही.

आणि पोरीचं तर नवलच. मी जवळ घेऊन नाव विचारलं, तर छातीवर हात ठेवून म्हणाली, "पापा." माझ्या अंगावर काटा आला. पन्नाशी गाठलेली माणसं मी पाहिली आहेत, आपण पापी आहोत हे मरेस्तोवर कबूल करत नाहीत. हे एवढंसं लेकरू. केशवरावांना कळवायला पाहिजे.

जिनिंगातल्या मजुरांच्या पोरांत वाढली, म्हणून मराठी समजतं, बोलतेही तोडकंमोडकं. फक्त राजव्वा म्हणून हाक मारली तर ओ देत नाही. कानाचं काही आहे का पाहावं लागेल. आधीच आमच्या स्वयंपाकाच्या भागाबाईला ऐकू येत नाही. पण तिचं एक बरं आहे, तिला कोणी प्रश्न विचारत नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार

प्रश्नोत्तरी मी माझ्या पद्धतीनं सोपी करून बसवली आहे. पाप म्हणजे काय ते पोरांना कळत नाही. 'कशाचा' म्हटलं की चुळबूळ सुरू होते, 'कोणाचा' म्हटलं की कान टवकारतात. म्हणून पाप म्हणजे घरात शिरलेला कोणी चोर आहे असंच मी सांगते. वणीला हे फार चाललं.

जगात मरण कोणामुळं आलं? पापामुळं.

देवाला कोणाचा तिटकारा? पापाचा.

देवाच्या घरात कोणाला थारा नाही? पापाला.

सगळी एका सुरात ओरडली, चिंतामणीसुद्धा. राजव्वा मात्र डोळे मोठे करून माझ्याकडं पाहत होती. शाळा सुटल्यावर जवळ आली आणि पहिल्यांदा आपण होऊन बोलली. "अव्वा बी पापामुळंच मेली?" आईला ती अव्वा म्हणते.

मी म्हटलं, "हो बाई, सारं मरण पापामुळंच."

"तान्हं बी?"

"तेही."

तिनं मान हलवली. कशी चटकन समजली. बाकीच्यांना घोकून घोकून येत नाही ते हिला एका दिवसात आलं. मला जरा बरं वाटलं, खोटं का बोलू.

१९ नोव्हेंबर

पहाटे अंगण झाडायला उठले तर राजव्वा बाहेर ओट्यावर, गुडघे पोटाशी घेऊन, पांघरूणही नाही. इथली थंडी म्हणजे सुया टोचतात. पोरं जिथं झोपतात तीच आमची प्रार्थनेची खोली, चांगली उबदार आहे. मी खेकसले, "आत जागा नाही का तुला?"

"थारा नाही," म्हणते.

म्हटलं, थारा नाही काय, चार जणी आणखी मावतील. हाताला धरून ओढत नेलं. दारापाशी पाय रोवून उभी राहिली, चौकट सोडेना. हट्टीपणा बापाचा की आईचा देव जाणे. मला वाटलं, कोणी जातीवरून बोललं असेल. सगळ्यांना उभं करून ताकीद दिली, इथं जातपात चालायची नाही, सारे देवाच्या घरातले. चिंतामणी म्हणाला, "आमी कोनी काही नाही म्हनलं बाई, तेच भायेर जाते."

२२ नोव्हेंबर, रविवार

आज तारणावर धडा. तारण म्हणजे बुडत्याला वरून कोणी हात देणं, असं सांगितलं.

चिंतामणी: "अन् हात देनाराच बुडला तर?"

मी म्हटलं, येशू बुडत नाही.

"पन मेला होता ना?"

"तिसऱ्या दिवशी उठला."

"आमची आजी नाही उठली." मग जरा थांबून, खाली पाहून, "तिनं येशूचं नाव ऐकलंच नवतं बाई. ते कुठं गेली?"

आता याला काय सांगावं. देव न्यायी आहे, म्हटलं. "म्हंजे कुठं?" म्हणाला. मी दटावलं. तसा चेहरा पडला त्याचा. माझी आईही नाव न ऐकताच गेली. मी बाप्तिस्मा घेतला त्याच्या आदल्या वर्षी. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी कोणा पाळकाला विचारला नाही, उत्तर येईल या भीतीनं. आणि हे कार्टं भर वर्गात विचारतं.

थकवा आला आहे. गुडघ्याचा नव्हे, दुसराच. रोज तीच उत्तरं आपल्याच तोंडून ऐकायची, आणि मनात कोणी हुंकार भरत नाही.

राजव्वा आता वर्गातही उंबऱ्याबाहेर बसते. मी बोलणं सोडलं. बसू दे, ऐकू तर येतं.

२९ नोव्हेंबर, रविवार

आजचा दाखला चांगला जमला. पाप कसं वाढतं? खायला घातलं की वाढतं. रोज घास घास दिला की गलेलठ्ठ होतं आणि एक दिवस तुम्हालाच खातं. मग काय करायचं? उपाशी ठेवायचं. पापाला घास द्यायचा नाही, जवळ घ्यायचं नाही, शिवायचं नाही. ते ज्याला शिवतं त्याचा नाश होतो. पोरं अगदी चिडीचूप. चिंतामणीलाही प्रश्न सुचला नाही, हाच मोठा चमत्कार.

परीक्षेत हे म्हणवून घ्यायचं.

६ डिसेंबर, रविवार

राजव्वाचं जेवण तुटलं आहे. भाकर हातात दिली तर ताटात ठेवून देते, कोणाचं लक्ष नसलं की कुत्र्याला टाकते. डोळे वटारले तर दोन घोट आंबील घेते, तेही रडत. भागाबाई म्हणते नजर लागली, मीठमिरची उतरवू का. मी खुणेनंच नको म्हटलं, ख्रिस्ती बोर्डिंगात हे चालत नाही. पण दुपारी तिनं उतरवलीच, मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

खेळतानाही कोणाचा हात धरत नाही. आज छोटी रुख्मिणी तिच्यासमोर दगडाला अडखळून पडली, तोंड फुटलं, रक्त आलं. राजव्वा जवळच उभी होती. उचलायचं सोडून दोन्ही हात पाठीमागं लपवले आणि मागं मागं सरकत गेली. मला असा राग आला, एक धपाटा घातला पाठीत. हाडं लागली हाताला. रडली नाही. माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू माझीच काळजी वाटते आहे.

चुकलंच माझं. पण मीही माणूस आहे.

१० डिसेंबर

हकीमसाहेब पाहून गेले. पोटात जंत, म्हणाले. काडेचिराईत दिलं. ते मात्र ती गटागट प्याली, कडू जहर असून.

तिचा बाप येईल तेव्हा काय तोंड दाखवू? एक लेकरू सांभाळायला दिलं आणि तेही सुकत चाललं. प्रार्थना करते, पण अर्ध्यातच डोळा लागतो.

१७ डिसेंबर

आजचं लिहायला हात वळत नाही, पण लिहिल्याशिवाय झोपही यायची नाही.

दुपारी अंगणात तूर पाखडत होते. फाटकाशी मल्लय्या. कोळशानं नखं काळी, अंगावर नवा सदरा. आत न येता तिथूनच हाक मारली, "पापा, ओ पापा."

माझ्या मनात आलं, झालं याचं पुन्हा सुरू. आणि समोर पाहते तर लाकडांच्या ढिगाआडून राजव्वानं मान वर केली होती. राजव्वा म्हणून एवढ्या दिवसांत एकदाही ओ न देणारी पोरगी.

सूप बाजूला ठेवलं. मी विचारलं, "मल्लय्या, पापा म्हणजे कोण?"

"मेरी बच्ची, अम्मा. घर में पापाच बोलते. हमारे में छोटी लडकी कू पापा बोलते."

जगात मरण कोणामुळं आलं. देवाला कोणाचा तिटकारा. कोणाला थारा नाही, कोणाला घास द्यायचा नाही. सगळं मी. घोकून घेतलं, ओरडून म्हणवून घेतलं. अव्वा बी पापामुळंच मेली? हो बाई. तान्हं बी? तेही. देवा, माझी जीभ का नाही झडली.

मल्लय्या हात पसरून तिच्याकडं निघाला, तशी ती किंचाळली. "बापू, येऊ नको. पापाले शिवलं का मरते." आणि लाकडांच्या मागं शिरून बसली. तो बिचारा अंगणाच्या मध्ये उभाच्या उभा. मला विचारतो, "क्या हुआ अम्मा, मैंने क्या किया?"

मी खाली बसले तिच्यासमोर. गुडघा कडाडला. सांगितलं, "बाई, ते पाप वेगळं. मराठीत पाप म्हणजे वाईट काम. तुझं नाव वेगळं." ती ऐकत होती, पण तिला ते पटेना. वाईट कामाला कोणी खायला घालतं का? वाईट काम घरात शिरतं का? मीच तर त्याला हातपाय लावून दिले होते. चिंतामणी मागं येऊन उभा होता. म्हणाला, "एकच शब्द दोन कामं काऊन करते बाई?" पहिल्यांदाच मी त्याच्यावर रागावले नाही.

मग मला वाटलं, एक वाक्य आहे जे तिच्या भाषेतही खरंच आहे. म्हटलं, "ऐक. येशू पापासाठी मेला. पापावर, तुझ्यावर, एवढी माया त्याची."

ती आणखी आत सरकली. "तो बी माह्यानंच मेला?"

मी जोरजोरात नकाराची मान हलवली, प्रश्नोत्तरीतलं एकही वाक्य आता कामाचं नव्हतं.

"मंग अव्वा काऊन मेली?" तिनं विचारलं.

"मला ठाऊक नाही," मी म्हटलं. "पण तुझ्यामुळं नाही. मी खोटं शिकवलं."

नुसत्या बोलण्यानं होणार नव्हतं. भागाबाईला खुणेनं भाकर आणायला लावली. राजव्वाचा हात धरला. ती हिसडे देत होती, ओरडत होती, नका बाई नका, मरसान. तिच्या बोटांत घास दिला आणि तोच हात माझ्या तोंडाशी नेला. म्हटलं, "भरव मला. पाहू मी मरते का."

तिनं डोळे गच्च मिटले. घास माझ्या तोंडात गेला. मी चावला, गिळला. सगळी पोरं गोल करून पाहत होती. मल्लय्याही पाहत होता. आता त्याला कळलं होतं, चिंतामणीनं सांगितलं असेल. मला दोन शब्द बोलला असता तर बरं झालं असतं. तोंड फिरवून सदऱ्यानं डोळे पुसत राहिला.

तिनं डोळे उघडले. मी जिवंत. तरी तिचा विश्वास बसेना. म्हणाली, "अव्वा बी लगेच नवती मेली."

खरं आहे. म्हणून मग दिवसभर ती माझ्या मागं मागं फिरली, चार हात अंतर ठेवून. मी खोकले की धावत समोर यायची. मल्लय्याला फाटकाजवळच्या पडवीत जागा दिली आहे. पोरीनं त्याला अजून हात लावू दिला नाही.

१८ डिसेंबर

सकाळी नाकाखाली काही हुळहुळलं म्हणून जाग आली. राजव्वा. माझा श्वास येतो का ते बोट धरून पाहत होती. मी डोळे उघडले तर म्हणाली, "जित्या हाये."

"हो, जिती आहे. आता तू खा."

अर्धी भाकर खाल्ली. वर वरणाचं पाणी. मग पुन्हा मला एक घास भरवला, तपासायला.

पोरांना सांगितलं की तो शब्द आता वर्गात काढायचा नाही. त्याऐवजी गुन्हा म्हणायचं. हिला सगळ्यांनी पापाच म्हणायचं, आणि खेळताना हात धरायचा. छोट्या रुख्मिणीनं लगेच धरला. तिला काय, ओठावर खपली घेऊनही हसते. पापा हात आखडून उभी राहिली, पण सोडवून घेतला नाही.

२० डिसेंबर, रविवार

केशवराव परीक्षेला आले. त्यांना आधीच सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं, हळहळले. पण म्हणाले, "शब्द बदलून चालेल का बाई? धर्म शब्दावर उभा आहे. गुन्हा कोतवालीत होतो." त्यांचंही खोटं नाही. वाद घालायला माझ्यात त्राण नव्हतं.

वर्गात त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "सांगा, जगात मरण कशामुळं आलं?"

सगळ्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग पापाकडं. ती उंबऱ्यावर बसली होती, अर्धी आत. केशवरावांनी पुन्हा विचारलं. शेवटी चिंतामणी उठला, हात बांधून, अगदी अदबीनं.

"साहेब, ते आमच्या बाईले ठाऊक नाही."

केशवरावांनी चष्मा काढून पुसला. नंतर बाहेर येऊन म्हणाले, तुमची दरखास्त मंजूर करतो, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. मागितलेलंच मिळालं. पण मानाचं असं काही वाटलं नाही त्यात. नाताळानंतर दुसरी बाई येईल. चिंतामणीला मी रागावणार होते, पण कशासाठी रागवायचं? परीक्षेत एकच उत्तर खरं आलं, ते त्याचंच.

संध्याकाळी तो माझ्याजवळ घोटाळत राहिला. मी म्हटलं, "तुझी आजी कुठं गेली, तेही मला ठाऊक नाही रे. माझी आई आहे तिथंच असेल."

"मंग ठीक हाये," म्हणाला, आणि गेला.

२२ डिसेंबर

मल्लय्याला खाणीवर हजर व्हायचं, आज निघणं भागच होतं. बैलगाडी सकाळीच आली. तो म्हणत होता, येत नसेल तर राहू द्या अम्मा, मी पुन्हा येईन. पण त्याचा चेहरा पाहवत नव्हता. बायको गेली, तान्हं गेलं, आणि उरलेली ही त्याला शिवू देत नाही.

पापा गाडीत चढली, पण मागच्या टोकाला, बापापासून जितकं दूर बसता येईल तितकं. दोन्ही हात मांडीखाली दाबून. मी गाडीच्या चाकाला धरून उभी राहिले. गाडीवान घाई करत होता.

"बाई," ती म्हणाली, "तुमी मले किती खेप शिवलं?"

"पुष्कळ खेप. मोजलं कुठं."

"उद्या बी जित्या राहसान?"

"राहीन."

"अन् परवा?"

"परवाही."

"मी येईन तवा?"

मी आजवर देवाच्या नावानं पोरांना शेकडो गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या. ही माझ्या नावानं सांगायची, आणि माझ्या हातातली नव्हती. पण सांगितलं. "येशील तेव्हाही राहीन. इथंच राहीन."

तिनं थोडा विचार केला. मग मांडीखालचा एक हात काढला आणि गाडीत सरकत सरकत पुढं गेली. मल्लय्या बैलांकडं तोंड करून बसला होता, त्यानं वळून पाहिलं नाही, हललाही नाही, इतका घाबरला होता. तिनं त्याच्या पाठीला एक बोट लावलं. उचललं. पाहिलं. पुन्हा लावलं. मग सगळा तळवा टेकवला, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तो तिथंच होता.

मी आत आले आणि केशवरावांना चिठ्ठी लिहिली, दुसऱ्या बाईला पाठवू नका, माझी रुखसत रद्द करा. ते काय म्हणतील ते म्हणोत. गुडघा ठणकतो आहे आणि अंगात काडीचं बळ नाही, पण लेकराला शब्द दिला आहे, आता जगावं लागेल.